बाजूला काढलेलं काडतूस

झांबेझीकाठी शिकारी परवान्याची परीक्षा चालू होती. रुवाराशेसमोर दुनळी रायफल आणि दहा काडतुसं ठेवली होती. “हत्ती अंगावर येतोय असं समज. भरवशाची चार उचल,” म्हातारे परीक्षक हॅलिडे म्हणाले.

आधीच्या उमेदवारांनी चकचकीत चार पटकन उचलली होती. रुवाराशे मात्र रायफल मधून उघडून एकेक काडतूस नळीत सोडून बघू लागली.

“अगं बाई, हत्ती काय तुझ्यासाठी थांबणारेय?” मागून कुणीतरी टोमणा मारला.

“नाही ना, म्हणून तर आत्ताच बघून घेतेय,” ती मान वर न करता म्हणाली.

सातवं काडतूस दिसायला सगळ्यांत देखणं होतं, पण नळीत पुरतं बसेना. तिनं ते नखानं उपसून बाजूला ठेवलं. “हे नको. बंदूक मिटायची नाही.”

“हे कुणी शिकवलं?” हॅलिडेंनी विचारलं.

“बाबांनी, चाकानेत्सांनी. ते शिकाऱ्यांपुढे माग काढायचे. एकदा एका साहेबाच्या पट्ट्यातलं असंच काडतूस त्यांनी बाजूला काढलं, तर साहेब म्हणाला, तू माग काढ, काडतुसांचं मी बघतो. ऐन वेळी त्याची बंदूक मिटली नाही. बाबांनी त्याला खांद्यावर घालून आणलं, म्हणून वाचला.”

“कोण साहेब?”

“नाव त्यांनी कधीच सांगितलं नाही.”

हॅलिडेंनी कागदावर ‘पास’ लिहिलं आणि लाकडी पाय सावरत ते उठले.

“वीस वर्षं हे काडतूस मी या टेबलावर ठेवतोय,” ते म्हणाले. “चाकानेत्सानंतर ते बाजूला काढणारी तूच पहिली.”