बोगद्यानंतरची मोजणी

"काका, सीमा ओलांडताना माणसाला काही होतं का हो?"

निघण्याआधी शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून गाडीत पासपोर्ट तपासायला आलेल्या साहेबांना तिनं बेधडक विचारून टाकलं.

"काही होत नाही," शिक्का मारत ते हसले. "पुढच्या बोगद्यात जागेवरून उठू नकोस, म्हणजे झालं."

आई-बाबा खुशीत होते. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाची सहल, सकाळी विमान आणि दुपारी ही गाडी. बाबांची सवय जुनीच. विमानतळ असो की फलाट, टपल्या मारून माणसं मोजायची. "आई एक, मी दोन, कार्टी तीन!"

बोगदा आला आणि डब्यात अंधार झाला. समोरची खिडकीची जागा रिकामी होती. उठू नको म्हटल्यावर ती बसून राहील होय? टुणकन उडी मारून ती समोर जाऊन बसली.

उजेड आला. बाहेर दुसरा देश, पिवळीधमक शेतं.

"खिडकी माझी!" ती ओरडली.

कोणी वर पाहिलं नाही.

"चला, मोजणी!" बाबा म्हणाले. "आई एक, मी दोन..." तिसरी टपली त्यांनी शेजारच्या, तिनं आत्ताच सोडलेल्या रिकाम्या जागेवर मारली. हात हवेतच अडला, बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीवर. टप्प असा आवाजही आला.

"कार्टी तीन. झालं, सगळे आहोत!"

आईनं त्याच जागेकडे लाडानं पाहिलं. "आज किती शहाण्यासारखी बसलीयेस गं!"

ती ताडकन उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका! मला खिडकी नको. मी माझ्या जागेवर परत येतेय!"