लडाखचा मोसम

मोटारसायकलवरून लडाखला जायचा चांगला मोसम कृष्णातला तोंडपाठ होता: जून ते सप्टेंबर. पण नेमकी तेव्हाच त्याची म्हैस भर दुधात असायची आणि त्याच्या हाताशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. ती भाकड पडेपर्यंत तिकडं बर्फानं रस्ते मिटलेले. अशी चार वर्षं गेली.

"यंदा तरी जमतंय का?" त्याची बायको वर्षाराणी विचारायची.

"तुझ्या सवतीला इचार की," म्हणत तो गोठ्याकडं वळायचा.

मे महिन्यातल्या एका सकाळी गजर वाजलाच नाही. तो धावत गोठ्यात गेला, तर बादलीत धारा वाजत होत्या. लुगड्यावर त्याचा सदरा चढवून त्याची आई म्हशीखाली बसली होती. म्हैस निवांत रवंथ करत होती.

"महिनाभर तुमच्या माघारी सवय लावलीया तिला आत्तींची," मागून वर्षाराणी म्हणाली. तिच्या डोक्यावर नवंकोरं हेल्मेट होतं.

"आगं, हे कुणाला?"

"चार वर्सं इचारतोय, जमतंय का म्हणून. एकदा तरी 'येतीस का' म्हणालासा?"