साहेबांचा टँकर

"बोर्ड तर बराबर तिन्ही बाजूंनी लावलाय," प्रमोद चहा फुंकत म्हणाला. "त्याच्यावर काही बांधू नये असं नियमात कुठं लिवलंय?"

ग्यानबाच्या टपरीच्या बाकड्यावर पाय पसरून बसलेला तातेराव खूश होऊन हसला. तातेराव साहेबांचा कार्यकर्ता. बारा महिने गळ्यात रुमाल, हातात मोबाईल, आणि अंगाला काम म्हणून ठाऊक नाही. "मानलं बुवा तुला," तो म्हणाला. चोराला चोराची दाद मिळाली.

समोर साखरा गावाकडे तोंड करून प्रमोदचा टँकर उभा होता. त्याच्या पोटात ॲसिड होतं, बॅटरीत घालतात ते. असा माल वाहणाऱ्या गाडीवर धोक्याचा बोर्ड लागतो आणि चालकाजवळ ट्रेनिंग घेतल्याचा कागद. तो कागद प्रमोदजवळ नव्हता. बोर्ड दिसला की पोलीस कागद मागतो, साहेबांचा चेहरा दिसला की तोच पोलीस वाट करून देतो. म्हणून या पठ्ठ्याने साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आणून तिन्ही बोर्डांवर ताणून बांधले होते. एवढी अक्कल ट्रेनिंगला खर्च केली असती तर कागद कधीच मिळाला असता.

एक गोष्ट मात्र त्या अकलेत बसली नव्हती. या भागात साहेबांचा चेहरा लावून येतो तो टँकर पाण्याचा असतो.

टेकाडावरच्या तांड्यातून बायका घागरी घेऊन पळत खाली आल्या. सगळ्यांच्या पुढे मिराबाई, तिच्यामागे तिची सून संगिता. मिराबाईने घागर मागच्या तोटीखाली धरली. तोटीचं झाकण हलेना. तिने घागर खाली ठेवली, रस्त्याकडेचा दगड उचलला आणि झाकणावर हाणला.

प्रमोदच्या हातातला चहा सांडला. "ए मावशे! हात लावू नको! ॲसिड हाय त्यात!"

मिराबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "व्हय का? मागच्या खेपेला त्यात डिझेल व्हतं. सरपंचाच्या दारात जाऊन त्याचं पाणी झालं."

बायका हसल्या. "आमाला द्यायचं नसलं की टँकरात काहीबी भरलेलं असतंय," मागून कुणीतरी म्हणालं. दुसरा दगड बसला. झाकण एक आटा सरकलं.

प्रमोद धावला आणि त्याने मिराबाईचं मनगट धरलं. बायकांनी त्याला ढकलून बाजूला केलं. "बाईमानसाच्या अंगाला हात लावतो का रे?"

"तातेराव भाऊ, तुमी तरी सांगा की ह्यांना!" म्हणत प्रमोदने खालचा बोर्ड दाखवायला मागच्या फ्लेक्सला हात घातला.

तातेराव बाकड्यावरून हलला नाही. त्याने मोबाईल तेवढा समोर धरला. "फ्लेक्स फाडू नको बरं का. साहेबांचा फोटो हाय. मी रेकॉर्डिंग करून राहिलो."

आता खरं तर एका हिसक्याचं काम होतं. पण प्रमोद गाठी सोडायला बसला. नायलॉनच्या दोरीच्या गाठी, त्यानेच पोलिसांच्या धास्तीने पक्क्या मारलेल्या. हातभर अंतरावर एक म्हातारी मरण उघडत होती आणि हा बहाद्दर फोटोला चुणी पडू नये म्हणून नखांनी दोरी उकलत होता.

झाकणाच्या कडेला एक थेंब जमला. ओघळून खाली कडुनिंबाच्या वाळक्या पानावर पडला. पान काळं पडलं. ते फक्त प्रमोदने पाहिलं, आणि त्याने फ्लेक्स ओढला.

साहेब कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटले आणि मातीत पडले. खालचा बोर्ड उघडा झाला. त्यावर एक हात काढलेला होता, वरून काहीतरी त्याच्यावर पडत होतं आणि हात खाल्ला जात होता. ते समजायला शाळेत जावं लागत नाही. मिराबाईने बोर्डावरच्या हाताकडे पाहिलं, मग झाकणावरच्या आपल्या हाताकडे. तिने हात काढून घेतला आणि दगड अलगद खाली ठेवला. बायका मागे सरल्या. प्रमोदने फडकं गुंडाळून झाकण पुन्हा आवळलं.

आणि आता तातेराव उठला. इतका वेळ बाकडं न सोडलेला माणूस धावत आला, दोन्ही हातांनी फ्लेक्स उचलला आणि गळ्यातल्या रुमालाने साहेबांच्या तोंडावरची माती पुसू लागला.

"लाज वाटत न्हाई का रे? साहेबांचं तोंड मातीत घातलं! आत्ताच्या आत्ता नीट बांध, न्हाईतर हा व्हिडिओ जिल्हाभर जाईल."

प्रमोदने हात जोडले. ग्यानबाने टपरीतून चिकटपट्टी आणून दिली. दोघांनी मिळून साहेबांचे दोन तुकडे जुळवले आणि फ्लेक्स परत बोर्डावर चढवला. या वेळच्या गाठी पहिल्यापेक्षा पक्क्या होत्या.

"आता परत झाकून काहून राहिला?" मिराबाईने विचारलं.

तातेराव तिच्याकडे वळला. "तुला काय करायचं, म्हातारे? तांड्याला उद्या पानी पायजे का न्हाई?"

टँकर सुरू झाला आणि साखऱ्याच्या रस्त्याला लागला. मागे साहेब हात जोडून हसत होते, जरासे वाकडे.

तिने रिकामी घागर कमरेवर घेतली. "संगिते, साखऱ्याला तुज्या भैनीला फोन लाव."

"काय सांगू?"

"म्हनावं, साहेबाचा टँकर येऊन राहिला. लेकरं घरात घ्या."