तोंडाला चव नाही

"माळ्यान खून करूक नाय," उशीला टेकून बसलेल्या सावित्रीबाईंनी निकाल दिला. "लेखक त्येच्यार मुद्दाम संशय ढकलता. लबाड मेलो. फुडे वाच."

संचिताने पान उलटलं. हृदयविकाराचा झटका येऊन कणकवलीच्या इस्पितळातून परत आल्यापासून सासूबाईंना अक्षरं नाचताना दिसत. त्यामुळे दुपारी सुनेने वाचायचं आणि सासूने खुनी पकडायचा, असा शिरस्ता पडला होता.

रहस्यकथांबद्दल सावित्रीबाईंची मतं पक्की होती. मालवणच्या वाचनालयातलं ते अख्खं कपाट त्यांनी चुलीपुढे बसून संपवलं होतं. खुनी शेवटच्या पानावर उपटला, तर पुस्तक त्याच चुलीत घालावं. भुताने खून केला म्हणणाऱ्या लेखकाला माडाला बांधावं. आणि लेखकाने लपवावं हवं तेवढं, पण खोटं बोलू नये.

हे शेवटचं मत ऐकलं की संचिता घाईघाईने पुढचं पान उलटायची.

सावित्रीबाईंचा धाकटा मुलगा मंगेश मुंबईत मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. संचिताचा नवरा दत्तप्रसाद ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं आईला सांगून निघाला, तो भावाला अग्नी द्यायला. आईला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"कार्य आटपून मी येतंय, मगे डॉक्टरांका घेवन सांगूया," निघताना तो म्हणाला होता. "तवसर घरात कायएक बदल दिसूक नुको. आयेच्या नजरेतसून काय सुटणा नाय."

"आणि मासे?" संचिताने विचारलं.

दत्तप्रसाद चपला घालता घालता थांबला. "बंद केलंस तर तिका पयल्याच दिसा समाजतला," एवढं बोलून तो खाली मान घालून गेला.

म्हणून संचिता सुतकात मासे रांधत होती. कोळणीला, गोदूबाईला, सगळं ठाऊक होतं. पाटी उतरवताना ती हळूच म्हणायची, "पाप लागात गो बाय. झिल गेलो आणि आवशीक मासे वाढतंस?" संचिता भराभर मासे निवडून पैसे तिच्या हातावर ठेवायची. ती स्वतः स्वयंपाकघरात पाठमोरी बसून नुसती पेज प्यायची, आणि सासूच्या ताटात मात्र माशाचं तिखलं वाढायची. आपण या बाईला फसवतोय, वर तिच्याकडून पाप करवून घेतोय, हा विचार तिला झोपू देत नव्हता.

देवाचीच कृपा म्हणायची, सावित्रीबाई माशाला हात लावत नव्हत्या.

"तोंडाक चव नाय गो," त्या म्हणायच्या. "पेज दी आणि लोणच्याची फोड." मासा जायचा मांजराला. मांजर चांगलं गुबगुबीत झालं होतं. देवापुढच्या दिव्याचंही तसंच. "लावू नुको. धुरान माका खोकलो येता," असं त्यांनीच सांगितलं. दोन्ही वेळा संचिताला हायसं वाटलं, आणि सासूच्या आजारपणाने हायसं वाटतं म्हणून स्वतःची लाजही वाटली.

त्या दुपारी पुस्तकातल्या वाड्याचा धनी बेपत्ता झाला. नातेवाइकांनी शोधाशोध आरंभली.

"त्या सैपाकिणीर माझो संशय," सावित्रीबाई म्हणाल्या.

"ती बिचारी काय बोलणापण नाय, आई."

"तेच सांगतंय. सगळे इचारतत, धनी खंय? ही एकदाय इचारणा नाय. ज्याका म्हायत असता, तो इचारणा नाय."

पुढच्या पानावर धन्याचं प्रेत सापडलं. त्याची म्हातारी आई दाराशी आली, तिथे संचिताला पुढे वाचवेना. पुस्तक मांडीवर पडलं आणि ती हमसून रडायला लागली. आता सगळं उघडं पडणार, म्हणून ती आणखीच घाबरली.

सावित्रीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रड गो," त्या म्हणाल्या. "पुस्तकासाठी रडल्यार काय बिघडणा नाय."

पूर्वी दिवेलागणीला त्यांचा प्रश्न ठरलेला असे, मंगेशचो फोन इलो? हल्ली पुस्तकाच्या नादात तोही राहून जायचा. संचिता मनातल्या मनात त्या लबाड लेखकाचे आभार मानायची.

शेवटी एके सकाळी दत्तप्रसादचा फोन आला. "काल सगळा आटापला. दुपारच्या गाडयेन कणकवलीक उतरतंय. सांजचो डॉक्टरांका घेवनच घराक येतंय."

संध्याकाळनंतर ही बाई पुन्हा पुस्तक ऐकेल की नाही, कोण जाणे. निदान शेवट तरी कळू दे, म्हणून संचिताने सकाळीच उरलेलं प्रकरण वाचायला घेतलं. खून स्वयंपाकिणीनेच केला होता.

"सांगितलंय मां?" सावित्रीबाई म्हणाल्या, पण नेहमीसारख्या हसल्या नाहीत. "लेखकान खूप धडपड केल्यान बिचाऱ्यान. तुका पण वाचून वाचून दमाक झाला."

अंगणात गोदूबाईची हाक आली. संचिता ताट घेऊन बाहेर गेली. संध्याकाळी या घरात काय होणार, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता. आजचं खोटं शेवटचं, असं स्वतःला बजावत ती पाटीपुढे बसली.

"बांगडे आसत," गोदूबाई खालच्या आवाजात म्हणाली. "पण बाय, अजून तिका..."

"गोदू!" आतून सावित्रीबाईंचा आवाज आला, खणखणीत. "बरे बघून दी गो. आणि दोन वाडीव दी, ह्या पोरीन पण इतके दिवस नुसती पेजच खाल्ल्यान. आमचा सुतक काल फिटला."