अर्ध्याहून कमी माणूस

यावलच्या केळी पिकवण्याच्या खोलीत गॅस सोडण्याआधी पॅनल श्वासावरून आतली माणसं मोजायचं. अर्ध्याहून कमी आकडा आला की सरळ शून्य दाखवायचं. त्याच शून्यावर ऑपरेटर हिलालभाऊंनी सहा वर्षं गॅस सोडला होता. आज सहज म्हणून त्यांनी दशांश चालू केला.

आत माणसं: ०.४.

"माणूस काय फोडी करून मोजतं का हे?" शेजारी बसलेली मेघा हसली.

हिलालभाऊंनी आत जाऊन क्रेटमागचे कोपरे पाहिले. कोणीच नव्हतं. बाहेर येऊन दार लावलं, तर ०.४५.

"काय शे हे?" म्हणत ते चिडून पुन्हा जाऊन आले. ०.६. आता गॅसही सुटेना.

मेघा हसायची थांबली. तिने त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"भाऊ, तुम्ही अख्खे बाहेर आले ना?"