पाण्याच्या चालीने

पाणी सायकलपेक्षा हळू चालतं. मंदा सारखी पुढे निघून जात होती आणि सारखी पाय टेकून थांबत होती. मागून कोरड्या पाटात पाणी येत होतं. घोट्याइतकंच, तोंडावर फेस, काटक्या आणि वाळलेली पानं घेऊन. खड्डा लागला की थबकायचं, खड्डा भरायचं आणि परत निघायचं.

सकाळी धरणावर फाटक उचलताना मोतीरामने तिला बजावलं होतं. "ताई, पाणी पोचायच्या आधी घंटी वाजवू नका. बापूंनी कधी वाजवली नाय. घंटी ऐकली की टेलची माणसं शेताची दारं उघडतात. नाय ऐकली तर दारं बंदच राहतात, सारं पाणी ओढ्याला जातं." मग ट्रान्झिस्टर बंद करून तो म्हणाला, "बापू गेल्याचं तिकडं अजून कुणाला ठाऊक नाय. तुम्हीच सांगा."

रंगनाथबापू पाटकरी होते. पाणी सुटलं की त्याच्याबरोबर सायकलीवरून पाटाच्या टोकापर्यंत, टेलपर्यंत जायचं, ही त्यांची नोकरी. ते वारले नाशिकला, मुलीच्या घरी. दहावा तिथेच झाला. त्यांच्या जागी नवा माणूस अजून आला नव्हता आणि टेलचा गहू थांबणारा नव्हता. म्हणून पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून त्यांची सून मंदा त्यांच्या सायकलीवर बसली होती.

डाव्या हाताला दलदल होती. कुठे उंचवटा नाही, झाड नाही. पाणकणसांत एक म्हैस उभी होती, तिची फक्त पाठ दिसत होती. त्यापलीकडे काळ्या जमिनीचा लांबच लांब पट्टा होता. चाक दगडावरून गेलं, मडगार्ड खडखडलं आणि ती जमीन उठली.

बदकं होती. सगळीच्या सगळी. आधी आवाज आला, एखाद्याने आभाळभर ताडपत्री झटकावी तसा, आणि मग सावली तिच्या अंगावरून, पाटावरून, पलीकडच्या उसावरून सरकत गेली. मंदाने सायकल थांबवली नाही, ती आपोआप थांबली. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर, मान वर. ती सावली परत फिरली, पुन्हा एकदा तिच्या अंगावरून गेली आणि दूर पाण्यावर उतरली. मग इतकं शांत झालं की पाटातल्या फेसाचे बुडबुडे फुटताना ऐकू आले.

बापू संध्याकाळी घरी येऊन कधीकधी एवढंच म्हणायचे, "आज पाखरं उठली." आणि पाटावर जेवायला बसायचे.

तेवढ्यात पाणी तिला ओलांडून पुढे गेलं. मंदा घाईने निघाली. दलदल मागे पडली, दोन्ही बाजूंना ऊस लागला. पाण्याच्या पुढे बगळे चालत होते, भेगांतून पळणारे किडे टिपत, पाय न भिजवता. हळूहळू तिला ती चाल जमली. हँडल जरा इकडे, जरा तिकडे, पायडल अर्धंच दाबायचं. पाणी थबकलं की थबकायचं. घसा कोरडा पडला होता, पण थांबून पाणी प्यायचं तिच्या मनातही आलं नाही. काय सांगायचं, ते वाक्य ती वाटभर जुळवत होती.

टेलचा पहिला मळा चतुराबाईचा. गव्हाची पाती कडेने पिवळी पडली होती. मंदाने घंटी वाजवली.

बांधावर वाकलेली म्हातारी वळली नाही. तिने फावडं उचललं आणि दाराच्या मातीवर पहिला घाव घातला. "आलास का रे रंगनाथ? मला वाटलं, पेन्शनीत गेला का काय. गव्हानं पार मान टाकली इथं." दुसरा घाव. "आन घंटी काय आज नव्या नवरीसारखी वाजवतोय? तेल दे सायकलीला. नसलं तर माझ्याकडून ने, भज्यांचं उरलंय."

मंदाने तोंड उघडलं. तिने पुन्हा घंटीच वाजवली.

"ऐकलं की बाबा, बहिरी हाय का मी?" म्हणत चतुराबाई वळली. तिने आधी सायकल पाहिली. हँडलला लावलेला डबा पाहिला. मग वर पाहिलं.

"तू मंदा."

"हो, मावशी."

"तो नाय आला."

"नाही."

पाणी दारापाशी येऊन थांबलं होतं. मातीचा शेवटचा ढिगारा मधे होता. चतुराबाई त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग तिने तो पायानेच बाजूला सारला. पाणी गव्हात शिरलं. सुकलेल्या मातीतून बारीक चर्र आवाज येत राहिला.

"चाक इकडं कर," ती म्हणाली. "पहिलं पाणी चाकाला. पाण्याच्या दर पाळीला असतं."

मंदाने सायकल पुढे केली. चतुराबाईने ओंजळ भरून पुढच्या चाकावर ओतली. दुसरी ओंजळ भरली, तेव्हा मंदाला वाटलं ती मागच्या चाकाला असेल. पण म्हातारी शेताकडे पाठ करून दक्षिणेकडे वळली आणि तिने ते पाणी बोटांमधून सावकाश सोडलं, ओंजळ रिकामी होईपर्यंत.

हात लुगड्याला पुसत तिने पाटाकडे पाहिलं. पाणी पुढच्या मळ्याकडे निघालं होतं.

"जा बाई. तिकडं वाट बघून राहिले. मागं पडू नको त्याच्या."

मंदा सायकलीवर बसली. ओल्या चाकाची रेघ धुळीत उमटत गेली. पाणी बरोबर होतं.