जड दाखवा

“हा नको. याहून जड दाखवा.”

दुकानदाराचा हात काउंटरवरच थबकला. कॉम्प्युटरवर खेळण्याचा हा कंट्रोलर त्याने खास या वृद्ध सोनारासाठी परगावाहून मागवला होता. दुकानात आजवर आलेल्या नगांत हा सर्वांत हलका. गेल्या दोन वर्षांत सोनार या काउंटरपाशी तीनदा उभा राहिला होता, आणि तिन्ही खेपेस त्याने एकच शब्द उच्चारला होता: हलका.

पहिल्या खेपेस दुकानदाराने त्याची थट्टाच केली होती. “काका, बांगड्या नाहीत हो या. यात जड तोच टिकतो.”  एकेक नग तळहातावर घेऊन सोनार डोळे मिटी आणि वजन सांगे. चोवीस तोळे. बावीस. साडेएकवीस. दुकानदाराने गंमत म्हणून काट्यावर ठेवून पाहिले, आणि प्रत्येक वजन बरोबर निघाले. “सोन्यासारखी वजनात घट धरू नका म्हणजे मिळवली,” एवढेच तो हसत म्हणाला.

तेव्हा सोनाराने सांगितले होते. मुलगा एकोणीस वर्षांचा. स्नायूंचा विकार. पाय बालपणीच गेले. आता हातांची पाळी. व्याधी परत फिरणारी नाही, असे वैद्यांनी स्पष्ट सांगितलेले. त्या मुलाला एकच छंद होता. पडद्यावर एक तांबडा घोडा डोंगरांतून दौडत असे, आणि कंट्रोलरच्या पोटातली दोन इवलीशी चक्रे फिरून त्याच्या टापा मुलाच्या तळव्यांत थरथरत. ज्याने उभ्या आयुष्यात कधी धाव घेतली नाही, त्याची तेवढीच धाव होती. “जोवर पेलवेल तोवर त्याने दौडावे,” सोनार म्हणाला होता. “वजनाचे मी पाहीन. जन्मभर तेच केले आहे.”

त्याने ते पाहिलेही. साडेएकवीस तोळ्यांवरून अठरावर, अठरावरून पंधरावर. शेवटी पंधरा तोळेही मुलाला जड होऊ लागले. तेव्हा सोनाराने डोळ्याला भिंग लावले, आपल्या पाटावर तो कंट्रोलर उघडला आणि ती दोन्ही चक्रे काढून टाकली. तीन तोळे उतरले. मोठ्या उमेदीने त्याने तो मुलाच्या हाती दिला. मुलाने थोडा वेळ घोडा दौडवला, मग अलगद कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“बाबा, घोडा मेला वाटतं.”

त्याच बैठकीत सोनाराने तारांना डाग देऊन चक्रे पुन्हा जागच्या जागी बसवली. 

आणि आज तो जड मागत होता!

दुकानदाराचा चेहरा उजळला. “जड? म्हणजे हातात ताकद आली म्हणा की पोराच्या! अहो काका, मग सांगत का नाही तसं? बसा, चहा सांगतो. मी म्हणतच होतो, या वयात दुखण्याने कूस पालटायला वेळ लागत नाही.”

सोनार बसला नाही. त्याने दुकानदाराचे म्हणणे खोडूनही काढले नाही. कुणाच्या तरी मुखातून ते वाक्य ऐकायला मिळाले, एवढ्यानेच क्षणभर त्याला बरे वाटले. तो क्षण त्याने सरू दिला.

दुकानदाराने उत्साहाने मोठमोठ्या पेट्या फोडल्या. आज सोनाराने डोळे मिटले नाहीत, तोळेही मोजले नाहीत. प्रत्येक नग दोन्ही पंजांत घट्ट धरून तो म्हणे, “याची थरथर सुरू करा.” दुकानदार तो कॉम्प्युटरला जोडून बटण दाबी. पहिला नुसता गुणगुणला. दुसरा सोनाराने अर्ध्यातच खाली ठेवला. तिसरा सगळ्यांत अवजड. तो सुरू होताच हाताखालची काउंटरची काच खणखणली.

“हा धिप्पाड आहे हं,” दुकानदार म्हणाला. “पोराची बोटं पुरतील का याला? तुमच्याएवढा पंजा आहे का त्याचा?”

“माझ्या पंजात बसला, म्हणजे झाले.”

“तुमच्या? काका, खेळणार कोण?”

सोनाराने कंट्रोलर दोन्ही हातांत नीट धरला. अंगठे बटणांवर ठेवले; नवशिक्याचे अंगठे, चुकीच्या जागी. मग तो सौम्यपणे म्हणाला, “जरा तुमचे हात द्या. असे, माझ्या हातांवर ठेवा.”

दुकानदार गोंधळला, पण काउंटरवरून वाकून त्याने आपले तळवे त्या सुरकुतलेल्या हातांवर ठेवले. सवयीने त्याची बोटे मिटली.

“पकडू नका. जोर मुळीच नको. नुसते ठेवा, सांडल्यासारखे.”

दुकानदाराने बोटे सैल सोडली. त्याचे हसू केव्हाच मावळले होते. सोनाराने बटण दाबले, आणि श्वास रोखून त्याच्या मुखाकडे पाहत विचारले,

“आता खरे सांगा. माझ्या हातांतून तुमच्या हातांपर्यंत घोडा पोचतो का?”